एअरसॉफ्ट: चौघांनी एकत्र कसं सरकायचं?

२७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात, हेनिकर गावाजवळच्या जंगलात, बारा जण एक नवा खेळ खेळले. झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी बनवलेल्या रंगाच्या पिस्तुलांनी एकमेकांना बाद करायचं आणि चार ठिकाणी ठेवलेले झेंडे गोळा करून सुखरूप बाहेर पडायचं, असा तो खेळ होता. पेंटबॉलचा हा पहिला सामना मानला जातो. तो रिची व्हाइट या खेळाडूने जिंकला. पेशाने तो जंगलात काम करणारा माणूस. त्याने अख्ख्या सामन्यात एकही गोळी झाडली नाही. कुणाच्या नजरेस न पडता तो एकेक झेंडा उचलत गेला आणि बाहेर पडला.

एअरसॉफ्ट हा पेंटबॉलच्याच जातीचा, पण छऱ्यांचा खेळ. त्यात उतरणारे बहुतेक नवखे बंदूक कोणती घ्यावी, दुर्बीण कोणती लावावी, यातच महिने घालवतात. मैदानावर मात्र सामने जिंकतात ते नीट सरकणारे गट. गटाने सरकण्याच्या सगळ्या पद्धती, सगळ्या रचना एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहेत: या क्षणी कोण कुठे बघतोय? हा प्रश्न सतत मनात ठेवला, तर पुढचं सगळं पाठ करावं लागत नाही, ते ओघाने समजतं.

खेळ काय आहे?

एअरसॉफ्टचा जन्म १९७० च्या दशकातल्या जपानमधला. तिथे सामान्य नागरिकाला खरी बंदूक बाळगणं जवळपास अशक्य. त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या, पण प्लॅस्टिकचे गोल छर्रे उडवणाऱ्या बंदुकांचा छंद तिथे वाढला. जपानमध्ये या खेळाला ‘सर्व्हायव्हल गेम’ म्हणतात आणि त्याचंच लाडकं रूप ‘साबागे’. टोकियोलगतच्या चिबा प्रांतात सुगीच्या, म्हणजे जपानी देवदाराच्या, रानांत याची बरीच मैदानं आहेत. टोकियो मारुई या कंपनीने १९९१ मध्ये ‘फामास’ या फ्रेंच रायफलीची विजेवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली. बॅटरी, मोटर, दातेरी चाकं, स्प्रिंग आणि दट्ट्या अशी तिची आतली यंत्रणा. याच धर्तीच्या बंदुकांनी हा खेळ जगभर नेला.

पेंटबॉलमध्ये रंगाचा डाग पडतो आणि पुरावा मिळतो. एअरसॉफ्टचा छर्रा असा डाग सोडत नाही. छर्रा लागला की ज्याला लागला त्यानेच ‘हिट!’ म्हणून हात वर करायचा आणि मैदानाबाहेर किंवा ठरलेल्या परतीच्या जागी जायचं. सगळा खेळ या प्रामाणिकपणावर उभा आहे.

छऱ्याचं गणित आधी समजून घ्या

खेळाचे डावपेच लष्कराच्या पुस्तकातून जसेच्या तसे उचलता येत नाहीत, कारण छर्रा गोळीसारखा वागत नाही. ६ मिलिमीटर व्यासाचा, ०.२० ग्रॅम वजनाचा छर्रा हे सर्वसाधारण माप. जपानमध्ये २००६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बंदुकीची ताकद १ ज्यूलच्या किंचित खाली बांधली गेली. ब्रिटनमध्ये २०१७ च्या कायद्याने आपोआप सलग मारा करणाऱ्या बंदुकीला १.३ ज्यूल आणि एकेक छर्रा सोडणाऱ्या बंदुकीला २.५ ज्यूल अशी मर्यादा ठरवली. १ ज्यूल ताकदीने ०.२० ग्रॅमचा छर्रा नळीतून सेकंदाला १०० मीटर वेगाने निघतो. पण तो इतका हलका असतो की हवा त्याला लगेच रोखते. ४० मीटर जाईपर्यंत त्याचा वेग पाव भागावर येतो आणि तेवढं अंतर कापायला त्याला पाऊण ते एक सेकंद लागतो.

छर्रा इतका लांब जातो तोच ‘हॉप-अप’मुळे. नळीच्या मागच्या टोकाशी, छर्रा आत शिरतो तिथे, रबराचा एक उंचवटा असतो. तो छऱ्याला उलटी फिरकी देतो आणि ती फिरकी त्याला हवेत तोलून धरते. तरीही साध्या बंदुकीचा कामाचा टप्पा ४०-५० मीटरच्या आसपासच राहतो.

यातून डावपेचांसाठी तीन गोष्टी निघतात. पहिली, साधं झुडूपसुद्धा इथे भक्कम आड ठरतं. खरी गोळी पानं आणि फांद्या भेदून जाते, छर्रा पानाला लागला की भरकटतो किंवा पडतो. दुसरी, तुम्ही झुडपातून मारा करू शकत नाही. नळीपुढे मोकळी फट लागते आणि त्याच फटीतून समोरचाही तुम्हाला टिपू शकतो. तिसरी, लांबवरून टिपण्यापेक्षा जवळ जाऊन, बाजूने गाठणं इथे फार फायद्याचं. झुडूप एकाच बाजूने वाचवतं. दहा पावलं बाजूला सरकलेल्या खेळाडूपुढे तोच आडोसा निकामी होतो.

गट किती जणांचा?

सर्वांत लहान घटक जोडीचा. दोघांतला एक सरकत असेल, तेव्हा दुसऱ्याने थांबून बघायचं. जोडीतल्या दोघांनी एकमेकांपासून इतकंच लांब असावं, की साध्या आवाजात बोललेलं ऐकू येईल. दोन जोड्या मिळून चौघांचा गट. एक ते चार असे क्रमांक आधी ठरवून घ्यावेत, म्हणजे धावपळीत नावं घेत बसावं लागत नाही.

चौघांत एक म्होरक्या हवाच. म्होरक्या सगळ्यांत पुढे असलाच पाहिजे असं नाही. बहुतेक वेळा तो दुसऱ्या क्रमांकावर असावा. पुढचा माणूस डोळे समोर रोवून चालतो, त्याला बाकीच्यांचं भान ठेवता येत नाही. दुसऱ्या जागेवरून पुढचंही दिसतं आणि मागच्या दोघांना खूणही करता येते.

रचना कोणती, कधी?

महाराष्ट्रात शाळा-कॉलेजात एनसीसी केलेल्यांना यातली बरीच नावं आठवतील. फील्ड क्राफ्टच्या तासाला सिंगल फाइल, फाइल, ॲरोहेड, स्पियरहेड, डायमंड, एक्स्टेंडेड लाइन या रचना मैदानावर करून घेतात. तिथे सेक्शन, म्हणजे तुकडी, दहा जणांची, इथे गट चौघांचा. पण तत्त्व तेच.

*एकेरी रांग.* अरुंद पायवाट, दाट झाडी, ओढ्याचं पात्र किंवा अंधार असेल तेव्हा ही रचना. गट हातात ठेवायला सगळ्यांत सोपी, कारण प्रत्येकाला पुढच्याच्या मागे जायचं असतं. नजरेची वाटणी अशी: पहिला समोर, दुसरा डावीकडे, तिसरा उजवीकडे, चौथा मागे. समोरून गाठ पडली तर एकाच बंदुकीला मारा करता येतो आणि समोरच्याची एक सरळ फैर चौघांनाही गाठू शकते. हा तिचा मोठा दोष. बाजूने गाठ पडली, तर मात्र चारही बंदुका त्या बाजूला वळतात.

*दोन कडांची रांग.* रुंद रस्त्यावर दोघांनी डावी कड धरायची, दोघांनी उजवी. समोरासमोर न येता आगेमागे चालायचं. डाव्या कडेचा माणूस उजवीकडे बघतो, उजव्या कडेचा डावीकडे. नवखे नेमकं इथे चुकतात आणि आपल्याच कडेच्या झाडीत डोकावत राहतात. आपल्या कडेची झाडी अगदी नाकाशी असते, तिच्यात आत काय आहे ते दिसत नाही. पलीकडची कड मात्र दोन पावलं आतपर्यंत दिसते.

*बाण.* विरळ झाडी किंवा मोकळं माळरान असेल आणि प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूने येईल ते ठाऊक नसेल, तर एक पुढे आणि बाकीचे दोन्ही अंगांना मागे तिरपे. समोर आणि दोन्ही बगलांना पुरेशा बंदुका मिळतात. मात्र जमीन खडबडीत असली की बाण मोडतो. एक जण झुडपाला वळसा घालतो, दुसरा मागे पडतो आणि बघताबघता चौघांचा घोळका होतो. तसं होऊ लागलं तर हट्ट न धरता एकेरी रांगेत यावं.

*आडवी रांग.* चौघं एका ओळीत, सगळ्यांची तोंडं समोर. एखादी पट्टी झाडून काढायची असेल किंवा समोरच्या ठाण्यावर शेवटची धडक मारायची असेल, तेव्हा हिच्याइतका जोरदार मारा दुसऱ्या कोणत्याही रचनेत मिळत नाही. पण बगला उघड्या राहतात आणि ओळ सांभाळणं सगळ्यांत कठीण. एक जण चार पावलं पुढे गेला, की तो शेजाऱ्याच्या माऱ्याच्या रेषेत येतो. बहुतेक मैदानांवर आपल्या माणसाचा छर्रा लागला तरी ‘हिट’च धरतात. म्हणून ही रचना थोड्या वेळासाठी आणि थोड्या अंतरासाठीच वापरावी.

*डायमंड.* एक पुढे, एक मागे, दोन बाजूंना. चारही दिशांना नजर. थांबताना ही रचना हमखास घ्यावी. नकाशा बघायचा असो, बंदूक अडकली असो किंवा नुसतं पाणी प्यायचं असो, चौघांनी बाहेर तोंड करून बसावं. एखाद्या खेळाडूला सुखरूप पोहोचवायचं अशी मोहीम काही सामन्यांत असते. तिथे तो खेळाडू डायमंडच्या मधोमध चालतो.

*तिरपी रांग.* एका बाजूला भिंत, तळं किंवा मैदानाची हद्द असेल, तर त्या बाजूने धोका नसतो. अशा वेळी प्रत्येकाने पुढच्याच्या मागे, उघड्या बाजूकडे थोडं सरकून चालायचं. सगळ्यांची नजर समोर आणि त्या एका बाजूला एकवटते.

एका सामन्यात पाच-सहा वेळा रचना बदलावी लागते. पायवाट संपून माळ लागला, माळ संपून बांबूचं बेट लागलं, की बदल हवा. म्होरक्याने हाताची खूण करायची, प्रत्येकाने ती मागे पोहोचवायची आणि न थांबता जागा घ्यायची. थांबून, विचारून रचना घेणारा गट त्या वेळेपुरता कुठेच बघत नसतो.

दोघांत अंतर किती?

माणसं भेदरली की एकमेकांना चिकटतात, आणि चिकटलेला गट एकाच फैरीत बाद होतो. मोकळ्या रानात पाच-सात मीटर अंतर चांगलं. दाट झाडीत पुढचा माणूस दिसत राहील इतकं, म्हणजे कधी तीन मीटरही. पुढच्याची हाताची खूण दिसेनाशी झाली, तर अंतर जास्त झालं. एकाच झाडाच्या आड दोघं येऊ लागले, तर कमी झालं. कबड्डीत कोपरारक्षक आणि कव्हर एकमेकांत गुंतले की चढाई करणारा एका झेपेत दोघांना टिपून जातो, तसंच इथे होतं.

एनसीसीत ‘वस्तू का दिसतात’ हा धडा शिकवतात: आकार, सावली, आकाशावर उमटणारी छायाकृती, पृष्ठभाग, अंतर आणि हालचाल. यातलं अंतर म्हणजे सारख्या अंतरावर मांडलेल्या वस्तू. निसर्गात काहीच नेमक्या अंतराने नसतं, त्यामुळे तंतोतंत पाच-पाच मीटरवर चालणारी माणसं लांबून ओळखू येतात. तेव्हा अंतर ठेवा, पण ते मोजून सारखं ठेवू नका. आणि टेकाडाच्या माथ्यावरून कधीही चालू नका, उतारावरून चाला.

सरकण्याच्या तीन पद्धती

रचना म्हणजे कोण कुठे उभा. पद्धत म्हणजे कोण कधी हलणार. अमेरिकी पायदळाच्या शिकवणीत याच्या तीन पायऱ्या आहेत आणि एअरसॉफ्टवाल्यांनी त्या उचलल्या आहेत.

गाठ पडण्याची शक्यता नसेल, तर सगळ्यांनी एकत्र चालायचं. वेग मिळतो. सामना सुरू झाल्याची शिट्टी वाजल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं बहुधा अशीच जातात.

गाठ पडू शकते असं वाटलं, तर पुढची जोडी आणि मागची जोडी यांच्यात २०-३० मीटर अंतर सोडायचं. पुढच्यांवर मारा झाला तरी मागचे मोकळे राहतात आणि त्यांना विचार करून हालचाल करता येते.

गाठ पडणारच अशी खात्री असेल, तर एका वेळी एकच जोडी हलते. दुसरी आड घेऊन, बंदूक रोखून बघत राहते. याचे दोन प्रकार. एकात मागची जोडी पुढच्या जोडीच्या बरोबरीला येऊन थांबते आणि मग पुढची जोडी पुन्हा पुढे जाते. दुसऱ्यात मागची जोडी पुढच्यांना ओलांडून थेट पुढे जाते. पहिल्या प्रकारात गट हळू सरकतो, पण पुढची जोडी कायम तीच राहत असल्याने समोरचं चित्र तिच्या डोक्यात पक्कं असतं. दुसऱ्या प्रकारात वेग मिळतो. मात्र ओलांडून जाणाऱ्या जोडीने थांबलेल्यांच्या नळीपुढून कधीही जाऊ नये, बाजूने जावं.

एका धावेत किती अंतर कापायचं? पायदळात तीन ते पाच सेकंदांचा नियम सांगतात: उठलो, दिसलो, खाली बसलो. समोरच्याला तुम्ही दिसायला, बंदूक वळवायला आणि नेम धरायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच तुमचा. एअरसॉफ्टमध्ये छऱ्याचा उडण्याचा वेळही तुमच्या पदरात पडतो. तीन सेकंदांत अंगावर सामान असलेला माणूस दहा-बारा मीटर जातो. तेव्हा उठण्याआधीच दहा-बारा मीटरवरचं झाड हेरून ठेवा. आणि ज्या जागी बसला होतात तिथून उठू नका. दोन हात बाजूला सरपटा आणि मग उठा, कारण समोरच्याची बंदूक तुमच्या जुन्या जागेवर रोखलेली असते.

एक प्रसंग: गाठ पडली

चिबातल्या सुगीच्या रानात चौघांचा गट बाण करून चालला आहे असं समजा. झाडांचे बुंधे सरळ आणि बारीक, मधेमधे बुटक्या बांबूची जाळी. पुढे साधारण ३५ मीटरवर बांबूच्या जाळीआडून दोघांनी मारा सुरू केला.

पहिल्या क्षणी चौघं खाली बसतात आणि ज्याला दिसलं तो ओरडतो: “समोर! मोडक्या झाडाच्या डावीकडे, पस्तीस मीटर, दोघं!” दिशा, खूण, अंतर, संख्या, याच क्रमाने. नुसतं “तिकडे, तिकडे!” म्हटल्याने कुणालाच काही कळत नाही.

एक आणि दोन जागेवर राहून जाळीच्या दोन्ही कडांवर मारा करतात. दोघांनी एकदम नाही, आळीपाळीने. एकाचं मॅगझिन बदलताना दुसऱ्याची बंदूक चालू असली पाहिजे. शंभर-सव्वाशे छऱ्यांचं मॅगझिन बेभान माऱ्यात काही सेकंदांत रिकामं होतं, म्हणून दोन-तीन छऱ्यांच्या छोट्या फैरी. उद्देश बाद करणं हा नाही. ते दोघं जाळीमागे बसून राहावेत आणि त्यांची नजर इकडेच राहावी, एवढाच.

तीन आणि चार आधी मागे जातात. नवख्यांकडून हे होत नाही. ते तिथूनच बाजूला धावतात आणि समोरच्याला डोळ्यांदेखत आपला बेत कळवतात. पंधरा मीटर मागे जाऊन, उताराच्या आडून मोठा वळसा घालून, तीन आणि चार जाळीच्या जवळजवळ काटकोनात येतात. काटकोन अशासाठी, की दोन्ही जोड्यांच्या माऱ्याच्या रेषा एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत. ते रेडिओवर किंवा ठरलेल्या शिट्टीने कळवतात. एक आणि दोन आपला मारा जाळीच्या दूरच्या कडेकडे सरकवतात. तीन आणि चार धावत न जाता दोन झाडं पुढे सरकतात. आता जाळीमागच्या दोघांच्या उघड्या बाजू त्यांना दिसतात. एकेक छर्रा पुरतो.

यात कुणीही असामान्य नेमबाज नव्हता. समोरच्या दोघांच्या नजरा एका दिशेला अडकवून ठेवल्या आणि छर्रा दुसऱ्या दिशेने आला.

माघारही शिकावी लागते

पाठ फिरवून पळणारा गट हमखास बाद होतो, कारण तेव्हा कुणीच मागे बघत नसतं. एकेरी रांगेत समोरून मोठा गट आला, तर पहिल्याने छोटी फैर झाडून रांगेच्या एका बाजूने, आधीच ठरलेल्या बाजूने, मागे धावायचं. तो बाजूला होताच दुसऱ्याला मोकळी वाट मिळते आणि त्याने मारा सुरू करायचा. मग तो मागे, तिसरा सुरू. रांग अशी उलगडत मागे जाते आणि समोर एक बंदूक सतत चालू राहते. चौथ्याच्या पुढे आता कुणी नाही, हे त्याला कळण्यासाठी त्याच्या जवळून जाताना “शेवटचा तू!” असं खांद्याला हात लावून सांगायचं.

इमारतीत आणि कोपऱ्यांवर

घरांच्या, कंटेनरच्या किंवा प्लायवूडच्या भिंतींच्या मैदानात टप्पा पाच-दहा मीटरवर येतो. तिथे कोपऱ्याला चिकटू नये. भिंतीपासून हातभर दूर राहून, पावलापावलाने अर्धवर्तुळात सरकत, कोपऱ्यापलीकडचा भाग थोडाथोडा उघडत न्यायचा. चिकटलेल्याची नळी आणि खांदा आधी बाहेर येतात, डोळा नंतर. लांब उभ्या असलेल्याला समोरच्याचा खांदा आधी दिसतो.

दारात थांबणं सगळ्यांत घातक, कारण आतल्या प्रत्येकाचा नेम दारावरच असतो. पहिला आत शिरून एका बाजूला वळतो, दुसरा लगेच त्याच्या उलट बाजूला. दोघांनी भिंतीलगत दोन पावलं सरकून दार मोकळं करायचं. तिसरा आत येतो, चौथा दाराबाहेर मागची बाजू धरून राहतो. घरात शिरताना मागे बघणाराच विसरला जातो आणि बरेचसे गट तिथेच बाद होतात.

इतक्या जवळून छर्रा लागणं दुखतं. म्हणून मैदानं ठरावीक अंतराच्या आत मारा करू देत नाहीत. कुठे शरण यायला सांगायचं असतं, कुठे नुसतं ‘बँग’ म्हणायचं, कुठे एकेक छर्राच सोडायची मुभा असते. तिथला नियम सामन्याआधी विचारून घ्यावा.

बोलणं, खुणा आणि परतीची जागा

गाठ पडण्याआधी गटाने हाताच्या खुणांवर चालावं: थांबा, खाली बसा, पुढे या, प्रतिस्पर्धी दिसला, रचना बदला. या पाच खुणा पुरतात. गाठ पडल्यावर मात्र गप्प राहणं हा दोष. “मी निघालो!” “निघ, बघतोय!” “मॅगझिन बदलतोय!” “बदल, मी आहे!” ही देवाणघेवाण सतत चालू राहिली पाहिजे. ‘निघ’ हे उत्तर ऐकू येईपर्यंत आड सोडायची नाही, हा नियम गटाने कसोशीने पाळावा. बाद झालेल्याने मात्र तोंड बंद ठेवायचं. बाद होऊनही “तो तिथे बसलाय” असं सांगणं ही सरळ फसवणूक आहे.

बऱ्याच सामन्यांत बाद झालेला खेळाडू ठरलेल्या जागी जाऊन पुन्हा खेळात येतो. इथे गटांचा एक मोठा तोटा होतो. पहिला परतलेला खेळाडू एकटाच घाईने पुढे जातो आणि पुन्हा बाद होतो. त्याच्या मागोमाग दुसराही तसाच. समोरच्या चौघांना प्रत्येक वेळी एकटा माणूस सापडतो. परतीच्या जागी अर्धं मिनिट थांबा, निदान जोडी जमू द्या आणि मगच निघा. या एका सवयीने चुरशीचे सामने फिरतात.

सराव कसा करायचा?

यासाठी बंदूक लागत नाही. चौघं जण, एक मोकळं मैदान आणि हातात काठ्या एवढं पुरतं. पहिला अर्धा तास नुसत्या खुणांवर रचना बदलत चाला. नंतर जोडीजोडीने धावा घ्या, पाचव्याने समोर उभं राहून सेकंद मोजायचे आणि कोण किती वेळ उघडा राहिला ते सांगायचं. तिसरा सराव माघारीचा. चौथा सगळ्यांत उपयोगी: म्होरक्याने अचानक ‘थांबा’ म्हणायचं आणि प्रत्येकाने जिथे बघत होता तिकडे हात करायचा. दोन हात एकाच दिशेला असतील, तर एक दिशा मोकळी आहे. हा सराव इतका साधा आहे, की अनुभवी गटही तो सामन्याच्या सकाळी करू शकतो.

डोळे आधी, बाकी नंतर

मैदानावर शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत चष्मा काढायचा नाही, काच धुकटली तरी नाही. चष्मा चारही बाजूंनी चेहऱ्याला घट्ट बसणारा आणि आघाताची चाचणी झालेला हवा. युरोपच्या ईएन १६६ मानकात ‘एफ’ खुणेची काच सेकंदाला ४५ मीटर आणि ‘बी’ खुणेची १२० मीटर वेगाने येणाऱ्या ६ मिलिमीटरच्या पोलादी गोळीवर तपासलेली असते. बंदूक १०० मीटर वेगाने छर्रा सोडत असेल, तर ‘बी’ घ्यावी. दातांसाठी जाळीचा मुखवटाही घाला.

ब्रिटन, अमेरिका किंवा जपानमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हा खेळ रीतसर मैदानांवर खेळता येतो. तिथली मैदानं भाड्याने बंदूक, चष्मा, सगळं देतात. तिकडून परतताना मात्र अशी बंदूक सामानात घालून आणू नका. ती खरीसारखीच दिसते आणि विमानतळाची सुरक्षा व कस्टम्स दोन्हीकडे अडचणीत आणू शकते. रस्त्यावर, गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात ती काढणं तर कुठल्याही देशात धोक्याचं. महाराष्ट्रात आणि गोव्यात ज्यांना हे डावपेच प्रत्यक्ष करून बघायचे आहेत, त्यांच्यासाठी मुंबई, पुणे, लोणावळा परिसरातली आणि गोव्यातली पेंटबॉलची मैदानं आहेत. रंगाच्या गोळीचा टप्पा आणखी कमी, पण जोडी, रचना, धाव आणि वळसा तंतोतंत हेच.

पुढच्या वेळी मित्रांबरोबर पेंटबॉलला गेलात, तर पहिल्या डावाआधी फक्त दोन गोष्टी ठरवा: कोणाची जोडी कोणाशी आणि कोण कुठे बघणार. आणि छर्रा असो की रंग, लागला तर सगळ्यांत आधी स्वतः हात वर करा. ज्या गटाला हे जमतं, त्याच्याशी लोक पुन्हा खेळायला येतात.